दत्तूकाकांच्या केसाळ पट्ट्या

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. लग्नाच्या अक्षता जशा पर्सच्या तळाशी पुढची दोन वर्षं सापडत राहतात, तसे ते सापडत राहतात. आमच्या तिघांचे किस्से मात्र सांगायला घेतले की समोरचा पहिल्याच वाक्याला अडवतो. "थांब थांब. कर्जतमध्ये स्की?"

हो, कर्जतमध्ये स्की. चांगल्या तीन जोड्या आहेत. कर्जतच्या दहिवलीत माझं ट्रेकिंगचं सामान भाड्याने द्यायचं दुकान आहे, तिथे तंबूंच्या मागे भिंतीला टेकून उभ्या असतात. मी शीतल. दुसरे शशीदादा, ते चौक गावात जुन्या हायवेवर गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. आणि तिसरे लोधिवलीचे दत्तूकाका. रिटायर्ड लाइनमन, वय त्रेसष्ट, जन्म विजेच्या खांबांवर गेला, उजवा गुडघा कायमचा रुसलेला. आजूबाजूचे किल्ले चढून झाले तेव्हा आम्ही काश्मीरला जाऊन स्कीचा कोर्स केला. तेव्हापासून आमचं डोकं ठिकाणावर नाही, यावर तिन्ही घरांचं एकमत आहे.

स्की मिळाल्या त्या माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून. तो कायमचा परदेशी निघाला आणि जाताना अडगळ माझ्याकडे टाकून गेला. या स्की चांगल्या रुंद. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात अरुंद स्की रुतते, रुंद तरंगते. काकांना हे दोनदा सांगावं लागलं नाही. "चिखलात फळी टाकून चालतो तसंच ना?" म्हणाले. मी इंटरनेटवर जे तीन दिवस वाचत होते, ते एवढंच होतं.

*

आम्हाला लिफ्टने वर जायचं नव्हतं, आपल्या पायांनी चढायचं होतं. त्यासाठी स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. केस मागच्या बाजूला झुकलेले. पाय पुढे ढकलला की सुळकन जातो, मागे घसरायला लागला की केस बर्फात रुततात. वर पोचलं की पट्टी ओढून काढायची आणि घसरत खाली यायचं.

मागच्या वर्षी आम्ही तिकडच्याच भाड्याच्या स्किन लावल्या. त्या जुन्या, टक्कल पडलेल्या, आणि आमच्या स्कीला अरुंद. एका उताराच्या मध्यावर मोठा चढ आहे, त्याच्या वर सपाट माळ. काका पुढे होते. त्या चढावर ते दोनदा घसरले, मग थांबले, आणि खाली आमच्याकडे बघत पाचेक मिनिटं नुसते उभे राहिले. मग वळून परत आले.

चहा पिताना म्हणाले, "खालून कोण काय बोललंच नाय."

मला वाटलं, म्हातारा रुसला. मी म्हटलं, "काका, आम्ही शाब्बास शाब्बास ओरडत होतो की!"

"ते नाय गं," म्हणाले, आणि बिस्कीट चहात बुडवलं. विषय तिथेच संपला.

पण तो माळ त्यांच्या डोक्यातून गेला नाही. इकडे डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, आणि त्यांच्या घरी कुसुमकाकूंनी निकाल दिला. "यंदा जायचं तं जा. त्याच्यानंतर त्या फळ्यांवर मी काकडीचा वेल चढवनार हाय." म्हणजे माळ गाठायचा तर याच हिवाळ्यात. म्हणून आम्ही ठरवलं, या खेपेला स्किन आपल्या, नव्या आणि नीट मापाच्या.

*

माप घ्यायचं काम माझ्याकडे होतं. स्की पुढे रुंद, मध्ये बारीक, मागे परत रुंद. मी शहाणी, मधोमध टेप लावला, आकडा कळवला आणि मोकळी झाले.

स्किन आल्या. मध्ये अगदी फिट्ट! पुढे आणि मागे दोन्ही बाजूंना स्कीचा तळ उघडा. काकू गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवतात. त्यांनी नुसतं लांबून बघितलं.

"शीतल, तू कमरेचं माप दिलंस होय गं? सगल्यात रुंद जागेचं माप घ्यायचं, मग जिथं बारीक हाय तिथं कापायचं. कापड कमी करता येतं, वाढवता येत नाय."

मी नंतर स्किन बनवणाऱ्यांच्या माहितीत शोधलं. तिथे तोच नियम होता, फक्त चार परिच्छेदांत.

*

दुसऱ्यांदा मागवायच्या आधी कोणत्या केसांची घ्यायची यावर शशीदादांच्या दुकानात सभा भरली. नायलॉनची जास्त धरते, पण जड आणि पुढे सरकायला जरा आळशी. बोकडाच्या केसांची हलकी, झरझर पळते, पण धरायला कच्ची. तिसरी दोन्हींची मिसळ.

शशीदादांनी नमुन्याचे तिन्ही तुकडे मांडीवर घेतले, डोळे मिटले आणि उलटसुलट हात फिरवला.

"हे आमचंच काम हाय रं," म्हणाले. "सीटला मखमल लावतानी केस पाठीकडं ठेवायचे. मग ब्रेक मारला तरी मानूस पुढं घसरत नाय. काका, तुमी नायलॉन घ्या. तुमाला पलायचं नाय, टिकायचं हाय."

स्वतःसाठी त्यांनी मिसळ घेतली. मी अर्थातच बोकडाची घेतली. मी तिघांत तरुण, वजनाने हलकी, आणि मला झरझर जायचं होतं. शशीदादा एवढंच म्हणाले, "तुजी तू बग."

*

आधीच्या फसलेल्या स्किन फुकट कशाला घालवायच्या म्हणून एका सकाळी त्या लावून आम्ही डोंगराच्या गवताळ उतारावर प्रॅक्टिसला गेलो. वाळक्या गवतावर केस बऱ्यापैकी धरत होते. तिघंही घामाघूम, पायात प्लास्टिकचे जड बूट, त्याखाली माणसाएवढ्या फळ्या, हातात काठ्या.

वरच्या वाडीतल्या एक आजी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन अनवाणी आमच्या बाजूने वर गेल्या. भारा टाकून परत खाली आल्या. आम्ही होतो तिथून फार तर वीस पावलं पुढे सरकलो होतो. आजी थांबल्या, फळ्या नीट बघितल्या, आणि काकांना अगदी मायेने विचारलं, "पायानं नाय व्हत का?"

काकांनी स्की काढल्या आणि खांद्यावर घेतल्या. त्या दिवशी पुढे प्रॅक्टिस झाली नाही.

*

नव्या स्किन कापायचा मान शशीदादांचा होता. दोन दिवसांनी त्यांनी काकांची जोडी आणून ठेवली, आणि खरं सांगते, इतकं सुबक काम मी बघितलं नव्हतं. कडेने पाऊण बोट पट्टी जास्त ठेवून ती स्कीच्या कडेवरून वर वळवून चिकटवली होती. स्कीच्या कडेला लोखंडाची धार असते, ती कुठे दिसतच नव्हती.

"शशी," काका म्हणाले, "कडक बर्फात हीच कड रुतते रं. ती उघडी पायजेल."

शशीदादांचा चेहरा पडला. पंचवीस वर्षांत त्यांनी एकही कड उघडी सोडलेली नव्हती. त्यांनी कटर घेतला, दोन्ही बाजूंनी कडेचं लोखंड मोकळं केलं आणि कापलेल्या पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "काम झालं. पन हे मी केलंय म्हनून कोनाला सांगू नका."

*

मग काकांनी स्वतः एक पराक्रम केला. नव्या स्किनच्या गोंदाला वास येतो म्हणून गोंदाची बाजू वर करून त्या अंगणात उन्हात ठेवल्या. दिवस भात झोडायचे. वारा सुटला, सगळी भुशी स्किनवर. गोंद उन्हाने पातळ झालेला, त्यावरून एक कोंबडीही चालून गेली आणि पिसं ठेवून गेली.

मी पोचले तेव्हा काकू पायरीवर बसून केसातल्या पिनेने भुशीचा एकेक कण काढत होत्या. याच काकू वेल चढवायचं म्हणत होत्या. काका आत झोपले होते.

मी शेजारी बसून मदत करायला लागले. सहज बोलता बोलता मागच्या वर्षीचं सांगितलं. पाच मिनिटं उभे राहिले, परत आले, म्हणाले खालून कोणी बोललं नाही.

काकूंची पिन थांबली.

"खांबावर चढले ना, की तारेला हात लावायच्या आधी खालच्याला हाक मारायचे. बंद हाय का? तो बोलायचा, बंद हाय. मगच हात. एकदा खालच्यानं न बघताच सांगितलं. लाइन चालू होती. यांनी वरनं उडी टाकली, तवाचा हा गुडघा. तवापासनं खालनं पक्कं कोन बोलल्याबिगर ते पुढं होत नाय." मग हसल्या. "घरात मिक्सर धुतानी पन मला विचारतात."

मी हसले नाही. मला त्या पाच मिनिटांतला त्यांचा चेहरा आठवला आणि फार वाईट वाटलं.

"तू खाली असशील ना गं?" काकूंनी विचारलं. "हाक मारली तं बोल."

*

फेब्रुवारीत गेलो. तोच उतार, रात्रभर पडलेला ताजा बर्फ. काका पुढे, मग मी, मागे शशीदादा आणि शेवटी काश्मिरी गाइड. नायलॉन सावकाश जात होतं, पण इंचभरही मागे येत नव्हतं. मोठ्या चढाच्या पायथ्याशी काका थांबले. वळले. खाली बघितलं.

"बंद हाय का?"

गाइडने विचारलं, "चाचा क्या पूछ रहे हैं?"

मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जीव खाऊन ओरडले, "बंद हाय, काका! चढा!"

काका वळले. एक पाय, दुसरा पाय. ते एकदाही थांबले नाहीत. काही वेळाने वरच्या माळावर काठी टेकून उभी असलेली त्यांची छोटीशी आकृती दिसली. शशीदादा माझ्या मागे नाक पुसत होते आणि थंडीने नाक वाहतंय असं सांगत होते.

मग माझी पाळी. चढाच्या मध्यावर माझ्या झरझर पळणाऱ्या बोकडाच्या केसांनी धरणं सोडलं. एकदा घसरले, सावरले. दुसऱ्यांदा घसरले आणि खाली बघितलं. बघायला नको होतं. मागून गाइड म्हणत होता, "मैडम, चलिए." शशीदादाही काहीतरी सांगत होते. मला पुढचा पाय उचलता येईना आणि मागेही जाता येईना. तोंडातून आवाजही फुटेना, मग कोणाला काही विचारणार कुठून?

वरून काकांचा आवाज आला.

"ये गं शीतल. बंद हाय."