कोपऱ्यातली आई

फोन अपडेट झाल्यापासून एक सोय झाली आहे. व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरं काही उघडलं, की बोलणारं माणूस काडेपेटीएवढं होऊन कोपऱ्यात जाऊन बसतं. काल आई तशीच बसली होती. ती लोणच्याच्या फोडींबद्दल सांगत होती आणि मी ऑफिसची मेल वाचत मधूनमधून 'हं' म्हणत होते.

मेल संपली, तेव्हा जाणवलं की आवाज नाही. काडेपेटीतली आई टक लावून बघत होती. पापणीसुद्धा लवत नव्हती. नेटवर्क गेलं असेल, मी मनाला सांगितलं. पण गावी ती एकटीच असते. केव्हापासून अशी बसली होती ती? मला सांगता येईना.

घाईघाईने तिला मोठं केलं. "आई!"

ती दचकली. "हललीस बाई एकदाची! केव्हाचा तुझा चेहरा दगडासारखा."

मी मेल उघडली, तेव्हाच माझा कॅमेरा थांबला होता तर.

"घाबरून मी बोलायचीच थांबले गं," आई म्हणाली, "तरी तुझं 'हं' येतच होतं."