काकांनी दुकान आत घेतलं

सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की शिरली, हे काकूंना लग्नानंतर लगेचच कळलं होतं. तरी त्या दिवशी दुकानावर आल्या आणि बघतच राहिल्या. फुटपाथवर मांडलेले टायर, पंप, पाण्याचं घमेलं, दुरुस्तीच्या सायकली, सगळं काका आत कोंबत होते.

"अहो, हे काय चाललंय? आत मुंगीला शिरायला जागा नाही."

"सकाळी एक बाई बाबागाडी घेऊन चालली होती," काका म्हणाले. "आपल्या पसाऱ्यामुळे तिला रस्त्यावर उतरावं लागलं. मागून ट्रक आला, अगदी घासून गेला. मला हाक मारायलाही सुचलं नाही गं."

काकूंनीही एक टायर उचलला.

शेजारच्या रंगाच्या दुकानदाराला गंमत वाटली. "काका, तुम्ही एकट्याने सरकून काय होणार? सगळा रस्ता असाच आहे." काका हसले आणि कामाला लागले.

पण धंदा बसला. बाहेर सायकली दिसेनात, तेव्हा दुकान बंद आहे असं समजून गिऱ्हाईक पुढे जाऊ लागलं. काकूंचा जीव खालीवर होई. "निदान एक सायकल तरी बाहेर ठेवा," त्या म्हणाल्याच. दुसऱ्या दिवशी काकांनी एक मोडकी सायकल लाल रंगवली आणि शिडी लावून दारावर उंच टांगली. ती पार कोपऱ्यावरून दिसायची. पोरं आईबापांना ओढून आणू लागली, मागोमाग पंक्चरंही आली.

तो लाल रंग शेजाऱ्यानेच दिला होता. "वाळेपर्यंत हात लावू नका," एवढंच बोलला. पुढे त्याचेही डबे हळूहळू भिंतीकडे सरकले. सगळे नाही, दारातलं मोठं पिंप अजून तिथेच आहे.

एका दुपारी काकू दुकानात बसल्या होत्या. बाहेरून काठी टेकत एक आजोबा गेले, पाठोपाठ दोघी मैत्रिणी गप्पा मारत. कुणी आत डोकावलंही नाही.

"तुम्ही काय केलंत, कुणाला पत्ता तरी आहे का?"

काका चाकाचे आरे ताणत होते. "नसू दे की. सरळ चालताहेत ना?"

संध्याकाळी बहिणीचा फोन आला, तेव्हा काकूंनी नवऱ्याचं कौतुक सांगायला घेतलं, त्या थांबेचनात.

"आज तक्रार नाही का काही?" बहिणीने विचारलं.

"आहे की. जेवायची आठवण अजून मलाच करावी लागते."