उद्याचे कान

मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवर. साखर डब्यात ओतायची, कागद मांडीवर सपाट करायचा आणि अक्षराला अक्षर लावत बसायचं. त्यातून एक खोड लागली बघा. छापलंय म्हणजे कुणी जाणत्यानं तपासलेलंच असणार, असं वाटायचं. हातात मोबाइल आला तरी ती खोड काही गेली नाही.

शिनोलीच्या अलीकडं रानात आमचं घर. लेक चाकणला कंपनीत, त्यामुळं घरात आम्ही दोघंच, मी आणि मालक. मालकांचा जन्म मेंढरांमागं गेला. दाट धुक्यात कोकरू ओरडलं तरी ते कुठल्या मेंढीचं, हे बसल्या जागी सांगायचे. आता दारात पाच-सहा मेंढरं उरलीत. तीनेक वर्षांमागं एक कोकरू कुंपणात अडकून बेंबटत होतं आणि हे दहा पावलांवर पाठमोरे निवांत चहा पीत होते. तेव्हा मला कळलं, यांना ऐकू येत नाही.

मंचरला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. कानाचं मशीन लावा आणि उशीर करू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. मालक तिथंच म्हणाले, "कानात पिवळा बिल्ला मारलेल्या जर्सी गाईवानी दिसंन मी." डॉक्टरसुद्धा हसले. पण मी हट्ट धरला असता तर यांनी लावलं असतं. तेवढं मी यांना ओळखते.

हट्ट धरायच्या आधीच मला मोबाइलवर ती वेबसाइट सापडली. विज्ञानाच्या बातम्यांची होती, आणि मराठीत. वर निळी चमकणारी अक्षरं, 'उद्याचं जग, आजच'. काळ्या आभाळात उजेडाचा केलेला एक कान गरागरा फिरत होता आणि खाली लिहिलेलं, मशीनचा जमाना संपला, कान आता पुन्हा ऐकू लागणार. कानाच्या आत बारीक केस असतात म्हणे, ते मेले की बहिरेपण येतं, आणि ते औषधानं पुन्हा उगवतात. मी यांच्या कानाशी ओरडून सगळं वाचून दाखवलं.

"कधी येणार म्हंत्यात?" यांनी विचारलं.

"आलंच म्हणायचं," मी म्हणाले.

ते 'आलंच' माझं हो. ते काही तिथं लिहिलेलं नव्हतं. पण ती पाटी, तो फिरणारा कान बघून दुसरं कुणाला काय वाटलं असतं?

मग आम्ही थांबलो. थोड्या थोड्या दिवसांनी तिथं नवीन काहीतरी यायचं, कधी मोठी झेप, कधी चमत्कार, आणि चित्र तेच. मी सांगायचे, हे मान हलवायचे.

आता मी पडले बोलकी बाई. सुरुवातीला ओरडून सगळं सांगायचे, कळंबच्या लग्नात कोण रुसलं, कुणाची सून वेगळी निघाली. मग घसा दुखायला लागला. वाक्यं आखूड झाली. पुढं पुढं जेवा, गोळी घ्या, पाऊस आलाय, एवढंच उरलं. ओरडून कामं सांगता येतात, गोष्ट सांगता येत नाही. गोष्टी मी मेंढरांना सांगायला लागले. ती ऐकतात, पण पुढं काय झालं म्हणून विचारत नाहीत.

मागच्या दिवाळीला लेक आली. मी मोठ्या तोऱ्यात तिला मोबाइल दाखवला. ती खालपर्यंत वाचत गेली. मी कधी तेवढं खाली गेलेच नव्हते, तिथं अक्षरं बारीक आणि शब्द अवघड.

"आई, हे उंदरांवर करून बघितलंय. माणसावर चालेल का ते अजून कळलेलं नाही, असं शेवटी त्यांनीच लिहिलंय."

"अगं पण वर आजच म्हणून लिहिलंय की."

"ती बातमी नाही, आई. ती दुकानाची पाटी आहे."

मला माझा बाप आठवला. बेल्ह्याच्या बाजारात विकणारा म्हणायचा, मेंढी गाभण हाय, पावणं, दोन जिवांचा भाव द्या. बाप खाली बसून आधी कासेला हात लावायचा, पोट चाचपायचा, आणि म्हणायचा, मेंढीचा भाव बोल, पोटातलं पोटात राहू दे. त्या बापाची मी लेक, आणि हात न लावता पोटातलं कोकरू घेऊन बसले.

दुसऱ्याच आठवड्यात मशीन बसवलं. डॉक्टर म्हणाले, आवाज येतील, पण मधल्या काळात कानाची शब्दांची सवय मोडलीय. समोर बसून हळू बोलत राहा, काही शब्द परत येतील, काही नाही येणार.

घरी आलो तर गोठ्यात कोकरू ओरडलं. यांनी मान वळवली. "बांड्या मेंढीचं हाय," म्हणाले, आणि तोंडभर हसले. बरोबर होतं. मला इतका आनंद झाला की यांच्या पाठीमागं उभी राहूनच बोलून गेले, "चुकलं माझं. मी तुमाला उगी थांबवलं."

हे वळले. "आवाज आला तुझा. काय म्हणली ते न्हाई कळलं."

"काय न्हाई," मी म्हणाले.

आता रोज दुपारी आम्ही ओट्यावर समोरासमोर बसतो. मी पाणी म्हणते, भाकरी म्हणते, लेकीचं नाव घेते. हे माझ्या ओठांकडं बघत मागनं म्हणतात. ते वाक्य मात्र तसंच राहिलंय. ते काही ओरडून सांगण्यासारखं नाही.