ताहेरभाईनं लावलेली वेळ

परतवाड्याच्या बस स्टँडाजवळ एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर ताहेरभाईची काचेची पेटी असायची. डोळ्याला भिंग लावून माणूस दिवसभर घड्याळात तोंड घालून बसलेला. मशिदीचं घड्याळ तोच लावायचा, मारुतीच्या देवळातलंही तोच. लगीन वेळेवर लागलं तर भटजीपेक्षा याचंच कौतुक जास्त. मी अक्षराला अक्षर जुळवून वाचणारी बाई, पण त्यानं दुरुस्त केलेल्या घड्याळात पाहिलं की वाटायचं, आपल्यालाही जगातलं थोडंफार कळतं.

मग मोबाइल आले. पोरंसोरं उघडं मनगट घेऊन फिरू लागली. ताहेरभाई टीव्हीच्या रिमोटचे सेल विकू लागला. त्याची बायको जहाँआरा म्हणायची, "आता यायले टाइम कोनी इचारत नाही. मीच इचारते, घरी कवा येता म्हणून."

त्याच सुमारास कापसानं लागोपाठ काही वर्षं दगा दिला, आणि माझ्या लेकानं, सहदेवनं, वावराच्या कडेला कोंबड्यांची शेड टाकली. लहान पिल्लांना ऊब लागते. ती कमीजास्त करायला भिंतीवर एक पेटी बसवली. ती इंटरनेटवर चालायची, सुनेच्या, सीमाच्या, फोनमध्ये दिसायची. रात्री ऊब जास्त, दिवसा कमी, हे ती आपलं घड्याळ पाहून ठरवायची. पण ते घड्याळ निघालं परदेशातलं, कंपनीच्या गावचं. आपल्याकडे सकाळ, तर तिच्याकडे आदली संध्याकाळ.

"ताहेरचाचाले बोलवा," सहदेव म्हणाला. घड्याळ म्हटल्यावर दुसरं नाव कोणाचं घेणार?

ताहेरभाई इस्त्रीचा कुर्ता घालून आला. किती वर्षांनी कोणी त्याला वेळेसाठी बोलावलं होतं! आमच्या बचत गटाच्या बायाही पाहायला जमल्या.

सीमा म्हणाली, "चाचा, यात कोनतं गाव ते निवडा लागते. आपल्या देशाचं एकच हाय, कलकत्ता. कंपनीवाल्यानं फोनवर तेच सांगितलं."

"कलकत्ता?" ताहेरभाई हसला. "बेटा, रमजानात कलकत्त्याले रोजा सुटते तवा आपल्याकडं ऊन असते. अमरावतीचा टाइम अकोल्याले चालत नाही, तर कलकत्त्याचा परतवाड्याले कसा चालन?"

"पन चाचा, घड्याळ तर साऱ्या देशाचं एकच…"

"भिंतीवरचं एकच. मले शिकवतं का? ही पेटी दिवस-रात पाहून चालते, मंग हिले सूर्य आपल्या गावचा पाहिजे. तिचं गाव तसंच राहू दे. टाइम मी हातानं लावतो."

सीमानं फोन त्याच्या हाती दिला. गटातल्या पंचफुलानं संधी सोडली नाही. "शिकलेल्या सुना फोनवाल्याचं ऐकतात, बाई! चाचाचा हात लागला, आता पाहाचं काम नाही."

ताहेरभाईनं वेळ लावली. आपल्या मनगटाशी ताडून पाहिली. चहा पिऊन गेला, तो तरण्या पोरासारखा.

दिवस थंडीचे होते. रात्री लाइन गेली आणि आली. लाइन आली तशी त्या पेटीनं इंटरनेटवरून आपली वेळ आपणच घेतली, हातानं लावलेली पुसून टाकली. गाव तर कंपनीचंच होतं. आमच्या रात्रीला ती दिवस समजली आणि ऊब कमी करून बसली.

सकाळी पिल्लं उबेसाठी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. खालची गुदमरून मेलेली. सीमानं फोन पाहिला, काय झालं ते ओळखलं आणि रडत रडतच कलकत्ता लावलं. त्यानंतर लाइन कितीदा गेली, आली, पेटीची वेळ हलली नाही.

पण गावात झालं भलतंच. "सुनेनं फोनशी खेळून पिल्लं मारली." मी सीमाला म्हटलं, खरं ते सांग ना. तर म्हणाली, "आई, चाचाजवळ आता नावाबिगर काय उरलं?"

कलकत्ता लावल्यापासून पेटी नीट चालते हे ताहेरभाईच्या कानावर गेलं, आणि त्याचा ओटा बंद दिसू लागला. मग बचत गटाच्या बैठकीला, आम्ही साऱ्या अंगणात बसलेल्या असताना, तो आला. उभाच राहिला, आणि मला म्हणाला,

"मैनाभाभी, पिल्लं माह्यामुळं मेली. सीमामुळं नाही."

पंचफुला हसली. "चाचा, तिचं कायले अंगावर घेऊन राहिले? तुमचं घड्याळ कवा चुकलं का?"

"चुकलं."

"राहू द्या, चाचा. तुमचा सोभाव आमाले मालूम हाय."

बाकीच्याही माना हलवू लागल्या. त्याचं नाव इतकं पक्कं, की त्याच्याविरुद्ध त्याचं स्वतःचंही कोणी ऐकेना. मग त्या म्हाताऱ्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. सीमा काय म्हणाली, आपण काय म्हणालो, रोजा, सूर्य, सगळं. आपल्याच अंगावरचे कपडे आपणच उतरवावेत तसं. "ही पोरगी बरोबर होती," तो म्हणाला, "अन् मी तुमच्या साऱ्यायसमोर तिचं तोंड बंद केलं."

पंचफुला पदराचं टोक गुंडाळू लागली. सीमानं पाण्याचा गिलास पुढं केला. "चाचा, बसा ना."

"नाही, बेटा. बस स्टँडावर सांगाचं हाय अजून. तिथं बी तुयंच नाव घेऊन राहिले लोकं."

तो फाटकाबाहेर गेला.