सुईच्या भोकातला उजेड

“काळ्या कापडावर काळा दोरा, त्यात डोळ्यात मोतीबिंदू! बोटात सुई घुसली तर दिसेल तरी का तुला?” नवऱ्याने कप आपटला.

“बोटाला कळतं ना,” शिलाई मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली.

“बाबा, कशाला घसा कोरडा करताय? ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकललीय आईने,” मुलगी म्हणाली. “आणि हा पडदा तर कुणी मागितलेलाही नाही!”

“जादाचा एक असू दे.”

का असू दे, ते तिने घरात सांगितलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी टेकडीवरच्या संशोधन केंद्राने तिच्याकडून पडदे शिवून घेतले. उपग्रहावरून जोडीने निघालेले दोन प्रकाशकण खाली यायचे, एक इथे, दुसरा हजार किलोमीटरवरच्या केंद्रात. इतक्या लांब जाऊनही दोघांचा मेळ टिकतो का, ते तपासायचं. त्यासाठी खोलीत मिट्ट काळोख हवा. तिने चांगले दुहेरी कापडाचे पडदे दिले, तरी यंत्र भलताच उजेड मोजत राहिलं. सुईची भोकं! टाक्याटाक्यातून उजेड पाझरत होता.

आता हाकलणार, म्हणून ती पिशवी छातीशी धरून उभी राहिली. तिथल्या मॅडमनी मात्र खुर्ची पुढे ओढली, यंत्रावरचे आकडे दाखवले आणि विचारलं, “मावशी, काय करूया?”

जन्मभर लोकांनी तिला मापं सांगितली होती. विचारलं कुणीच नव्हतं. तिने टाके घडीच्या आत लपवले, वरून रबराची पट्टी चिकटवली. आकडा झरझर उतरला. तेव्हापासून तिथलं काम तिच्याकडेच. महिनाभर डोळा जपत घरी बसले तर ते दुसऱ्या कुणाकडे जाईल, एवढीच धास्ती; म्हणून हा जादाचा पडदा आधीच शिवून ठेवायचा.

फोन वाजला. मुलीने स्पीकर लावला.

“मावशी, मेळ टिकला! दोन्हीकडे!” मॅडम जवळजवळ ओरडत होत्या. “आता पलीकडच्या केंद्रालाही तुमचेच पडदे हवेत.”

“शिवते की.” तिने मशीन थांबवलं. “पण... डोळ्याचं ऑपरेशन आहे. महिना जाईल.”

“मग महिन्याने शिवा. आम्ही थांबतो. टाके कसे लपवायचे ते तुमच्याशिवाय कुणाला येतंय?”

फोन ठेवला. तिने पदराने दोन्ही डोळे पुसले.

“घ्या!” नवरा म्हणाला. “आम्ही इतके दिवस भिंतीशी बोलत होतो!”

तिने सुईतला दोरा ओढून काढला, रिळाला गुंडाळला आणि मशीनवर झाकण ठेवलं.

“सोमवारी ऑपरेशन करून घेते. महिनाभर स्वयंपाक तुम्ही दोघं बघा. मशीनला कुणी हात लावायचा नाही.”