दातातली काठी

नव्वदच्या दशकात दौंडच्या खाली, उजनी धरणाच्या फुगवट्यात, एका बागायतदाराने हौसेने जुनी स्पीडबोट आणली. सरळ जाताना ती गप असायची, वळली की मागून कटकट करायची. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माझ्या वडिलांना, आबांना बोलावणं आलं.

उभा जन्म इंजिनांपाशी काढून आबा ठार बहिरे झाले होते. पण बाभळीची काठी दातात धरून तिचं दुसरं टोक यंत्राला टेकवलं, की हाडांतून त्यांना त्याची थरथर कळायची. बोटीत ते वाकून बसले, बोटीमागचा पाण्यातला पंखा डावी-उजवीकडे वळवायला लावला आणि म्हणाले, "इंजिन आन् पंख्यामधला सांधा गेलाय." खोललं, तर तसंच निघालं. लोकांना कोण कौतुक!

आई मात्र चुलीपाशी धुसफुसायची, "लोखंडाचं समदं ऐकू येतं यांना. माझं तेवढं न्हाई." मला तिचंच पटायचं. आबांचा असा राग यायचा!

पुढं आई गेली. बायकांनी हंबरडा फोडला, तो आबांना ऐकू आला नाही. आमची तोंडं बघून ते उठले आणि काठी घेऊन आले. आईशेजारी बसून एक टोक दातात धरलं, दुसरं तिच्या छातीवर टेकवलं. चुलते त्यांना आवरायला धावले, तशी मी खेकसले, "हात लावू नका त्यांना!"

आबा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग काठी बाजूला ठेवून माझ्याकडं बघत म्हणाले, "काहीच बोलंना गं ही."