उंदीर पकडून सोडणारी माणसं

वाघावर काम करणाऱ्यांकडे फोटो असतात, आम्हा उंदीरवाल्यांकडे किस्से. भिंतीवर लावावं असं आमच्या कामात काही नसतं. पण चहाला बसलं की एकातून दुसरा किस्सा निघत जातो, आणि शेवटी घरचेच म्हणतात, आता पुरे, जेवायला उठा.

काम तसं साधं होतं. दिग्रसच्या पुढे एकेकाळी सलग असलेलं सागाचं जंगल आता तुकड्यातुकड्यांत उरलंय. मधून रस्ता गेला, शेतं आली. अशा तुकड्यांत उंदीर, चिचुंद्र्या यांच्यासारखे लहान प्राणी कोणते टिकले आणि कोणते गेले, हे आम्हाला बघायचं होतं. आम्ही म्हणजे तिघं. पुण्याहून आलेल्या सरिता मॅडम, दिग्रसचा सलीम आणि मी, लोहाऱ्याची. जंगलालगतच्या गावात भाऊ आणि कुसुमताई या शेतकरी जोडप्याने घरातली पुढची खोली आम्हाला दिली होती. त्यांचं शेत जंगलाच्या दोन तुकड्यांच्या मधोमध. एका बाजूला मोठं जंगल, दुसऱ्या बाजूला छोटा तुकडा.

आमचे सापळे म्हणजे पत्र्याच्या लांबट डब्या. संध्याकाळी लावायच्या, सकाळी बघायच्या. आत सापडलेल्याचं वजन करायचं, त्याला खूण करायची आणि जिथं पकडला तिथंच सोडून द्यायचा.

हे ‘सोडून द्यायचा’ गावाला काही केल्या पटेना.

*

ढाणकीहून भाऊंचे एक नातेवाईक आले होते. धान्याचे व्यापारी. आमचं काम काय, ते त्यांनी मॅडमकडून नीट समजून घेतलं, मधे मधे मान डोलावली. मग भाऊंना अंगणाच्या कडेला नेऊन हळूच विचारलं, “शिकेल लोकं दिसून राह्यले. मंग पकडून सोडतेत कायले?”

भाऊ म्हणाले, “मोजून राह्यले.”

“असं होय? मंग माह्या गोदामात पाठव त्याईले. मोजता मोजता रिटायर होतीन.”

*

सापळ्यात ठेवायला आम्ही ओट्स आणि शेंगदाण्याचं मिश्रण करायचो. एकदा ओट्स संपले. कुसुमताईंनी विचारलं नाही, सवरलं नाही. शेंगदाणे भाजले, ज्वारीचा भरडा घातला, वर तुपाचं बोट लावलं आणि डबा भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सापळे भरलेले. तेव्हापासून ते खातं त्यांच्याकडेच गेलं.

एके दुपारी सलीम शेतात जेवायला बसला. डबा उघडला, भाकरीबरोबर चटणी संपवली, बोटं चाटली. घरी आल्यावर कुसुमताईंना म्हणाला, “ताई, चटणी मस्त होती. मीठ तेवढं कमी पडलं.”

कुसुमताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडमच म्हनल्या होत्या, उंदराच्या डब्यात मीठ नोको टाकू म्हनून.”

त्या दिवशी सापळ्यांत लसणाची चटणी गेली होती. एक उंदीर फिरकला नाही.

*

खूण करायला आम्ही नेलपॉलिश वापरायचो. शेपटीच्या बुडाशी एक ठिपका. मोठ्या जंगलातल्याला लाल, छोट्या तुकड्यातल्याला गुलाबी. म्हणजे कोण कुठला, ते कळतं.

आणायचं काम सलीमचं. दिग्रसच्या दुकानातल्या काकूंना त्याने सांगितलं, लवकर उडणार नाही असं द्या. काकूंनी दहा बाटल्या समोर मांडल्या आणि मायेने विचारलं, “वहिनीचा रंग कसा हाये?”

सलीमच्या डोक्यात सकाळचे सापळे. तो म्हणाला, “करडा. पोटाकडं पांढरा.”

*

मार्चमधली एक सकाळ. मी तापाने फणफणले होते. अंग इतकं थरथरत होतं की मॅडमनी आणि सलीमनी मला उचलूनच जीपमध्ये घातलं आणि थेट दिग्रसच्या दवाखान्यात आणलं. सलाईन लागलं, जरा शुद्ध आली आणि एकदम आठवलं. सापळे. पत्र्याच्या डब्या, वर ऊन. आतला जीव तासाभरात भाजून मरतो. मी मॅडमकडे बघितलं. त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं होतं. भाऊंच्या घरी फोन लावला तर रेंज नाही. सलीम जीप घेऊन सुटला. मॅडमचे डोळे भरले होते. तोवर मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं.

सलीम जंगलात पोचला तर सगळे सापळे उघडून झाडाखाली सावलीत ठेवलेले. एक चिचुंद्री मलूल पडली होती म्हणे, ती ओल्या फडक्यावर ठेवून शुद्धीवर आणलेली. कापूस वेचायचं सोडून भाऊ आणि कुसुमताई सकाळीच तिकडे गेले होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सलीमने विचारलं, तर भाऊ एवढंच म्हणाले, “जीप गेली तवा तुमच्यातलं मांगं कोनीच राह्यलं नाही. मंग कोनी तरी जायले पाह्यजे का नाही?”

दुपारी माझ्या शेजारच्या खाटेवर कोणीतरी येऊन टेकलं. कुसुमताई. बोटाला चिंधी गुंडाळलेली. सापळा उघडताना उंदीर चावला होता. चिंधी पदराखाली लपवत म्हणाल्या, “तुलेच पाहाले आली, पोरी. आता आलीच हावो त इंजेक्शनबी घेऊन घेतो.”

मला ताप होता म्हणून बरं. रडले ते त्यात खपून गेलं.

*

छोट्या तुकड्यात घरात फिरतात तसले उंदीर भरपूर सापडायचे. पण पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर, जो मोठ्या जंगलात हमखास, तो इथे एकही नव्हता. मी कुसुमताईंना समजावून सांगत होते. जंगल तुटलं की उघड्या शेतातून पलीकडे जायची या उंदराची हिंमत होत नाही. वरून घार, खाली कुत्री. मग इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. इकडचे संपले की तिकडून नवे येत नाहीत.

त्या तूर निवडत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, “म्हंजे माहेर तुटलं म्हन ना त्याईचं.”

मॅडमनी नंतर कितीतरी व्याख्यानांत हा विषय मांडला. मला म्हणाल्या, कुसुमताईंच्या त्या वाक्याहून सोपं करून मला अजून सांगता आलेलं नाही.

*

आणि मग एप्रिलमध्ये, छोट्या तुकड्यातला एक सापळा सलीमने उचलला आणि माझ्यापुढे धरला. आत पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर. शेपटीच्या बुडाशी लाल ठिपका. मोठ्या जंगलातला, इथे.

आला कुठून? दोन्ही तुकड्यांना जोडणारी एकच गोष्ट होती, भाऊंच्या शेताचा धुरा. दगडगोटे, बोरीची झुडपं, वाळलेलं गवत असा तो रुंद, ओबडधोबड बांध. आम्ही धुऱ्यावर सापळे लावले, तर तिथेही तेच. ये-जा चालू होती. बाकी सगळ्या शिवारातले धुरे साफ होऊन गेले होते, हा एक राहिला होता.

संध्याकाळी आम्ही आनंदाने घरी सांगितलं. कुसुमताई हसल्या. भाऊ मात्र उठून बैलांकडे गेले.

कुसुमताईंनी हळूच सांगितलं, धुरा साफ करायला भाऊंनी जेसीबी सांगून ठेवलाय. परवा येणार. नाल्यातला गाळ काढायचा आणि धुरा सपाट करायचा. तेवढीच चार तासं, म्हणजे चार ओळी कपाशी वाढेल.

त्या रात्री मॅडमनी आम्हा दोघांना बजावलं, एक शब्द बोलायचा नाही. जमीन त्यांची आहे. आपण त्यांच्या घरचं खाऊन त्यांना शिकवायचं नाही.

ठरल्याप्रमाणे जेसीबी आला. आम्ही तिघं पडवीत चहा घेऊन बसलो. शेवटी राहवलं नाही म्हणून मागोमाग शेतात गेलो आणि लांब उभे राहिलो. नाल्याचं काम दुपारपर्यंत आटोपलं. ऑपरेटरने मशीन वळवून धुऱ्याच्या तोंडाशी आणलं आणि विचारलं, “इकडून सुरू करू का, भाऊ?”

भाऊ धुऱ्याकडे बघत उभे होते. म्हणाले, “हे राहू दे.”

“काहून? तुमीच त सांगतलं होतं.”

“रस्ता हाये तो.”

ऑपरेटर चपापला. रस्त्याच्या भांडणात त्याने बरेच तमाशे बघितले असावेत. मशीन बंद करून तो खाली उतरला. “वहिवाटीचा असन त आपुन हात नाही लावत, बाप्पा. मले पहिलेच सांगाचं होतं. कोन येते-जाते इथून?”

भाऊंनी एकदा आमच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“येनारे-जानारे लहान हायेत,” ते म्हणाले. “पन वहिवाट जुनी हाये.”